4iiii प्रिसिजन: सायकलच्या डाव्या क्रँकचा पॉवर मीटर, आधी फट मोजा

पाय किती वॅटची ताकद लावतो ते हा मीटर क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, मोजतो. वजन 9 ग्रॅम, दावा ±1 टक्का अचूकतेचा. यंत्र उत्तमच, पण प्रश्न जागेचा आहे. पॉड, म्हणजे मीटरची छोटी डबी, क्रँकच्या आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे चेनस्टे (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) रुंद असेल किंवा मागचा ब्रेक बीबीखाली (बॉटम ब्रॅकेट, क्रँक फिरतात ते बेअरिंग) असेल तर तो घासू शकतो. विकत घेण्याआधी क्रँकला आतून पॉडच्या जाडीचा क्लेचा गोळा चिकटवा आणि हळूहळू पूर्ण फेरा फिरवा. क्लेवर ओरखडा उठला तर विषय संपला. न घासता जेमतेम सुटलं तरी चालत नाही. उभं राहून जोर लावला की फ्रेम लवते, म्हणून किमान 2 मिमी मोकळे हवेतच. ब्रेकची केबल जरा लांब सुटली असेल तर तिचं टोकही तिथेच अडकतं, ते आधी कापा.

बसवताना शिमानोच्या हॉलोटेक क्रँकवर प्लास्टिकची टोपी 0.7 ते 1.5 न्यूटन मीटर, म्हणजे हातानेच. मग 5 मिमी ॲलन कीचे दोन्ही बोल्ट आलटून पालटून 12 ते 14 न्यूटन मीटर. एकच आधी पूर्ण आवळला तर पकड असमान बसते. जागा करायला वॉशर घालून क्रँक बाहेर काढू नका, स्प्लाइनवरची (आसावरच्या खाचांवरची) पकड कमी होते. पॉड घासून पातळ करणं तर नकोच.

मोजमाप फक्त डाव्या पायाचं, दुप्पट करून दाखवलेलं. दोन पायांत फरक असेल तर आकडा तितकाच चुकतो. सरावासाठी मात्र मी हाच सुचवेन.