बेचिराग गाव शोधायचंय? मशीन घ्यावं, कागद धरावा की माणसं गाठावी

दिवाळीत भाच्याने विचारलं, मामा मेटल डिटेक्टर मागवू का, ऑनलाइन दहा हजाराच्या आत भेटतं, तापीकाठी थाळनेरकडे एवढी गावं उठलेली, म्हणजे ओसाड पडलेली आहेत, सुट्टीत फिरू. फोनवर त्याला अर्धवटच सांगता आलं म्हणून इथं नीट लिहितोय, अजून कोणी याच विचारात असेल तर त्यालाही कामात येईल. मी शिरपूर तालुक्यातला. उठलेल्या गावांच्या मागे लागून बारा वर्षं झाली आणि मशीन, कागद, माणसं तिन्ही करून बघितलंय.

आधी मशीन, कारण सगळ्यांना तेच घ्यायचं असतं. एका मित्राचं मशीन घेऊन आम्ही मे महिन्यात, शेतमालकाला विचारून, एका रानात गेलो. तिथं गाव होतं हे पक्कं माहीत होतं. चार तासात निघालं काय, तर नांगराच्या फाळाचा तुकडा, ट्रॅक्टरचे दोन नटबोल्ट, बाटल्यांची बुचं, तारेचे तुकडे आणि बैलाच्या खुराची एक झिजलेली पत्री. पत्री मी अजून जपून ठेवली आहे. पण त्याच रानात मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर नुसतं चाललो तर पायाखाली खापरं, हिरव्या-काळ्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे, अर्धं फुटलेलं जातं, सगळं धुवून वर आलेलं. यातलं काहीच मशीनला दिसत नाही. मशीनला फक्त धातू कळतो, आणि गाव हे मुख्यतः माती, दगड, राख आणि खापराचं असतं.

दुसरं म्हणजे कायदा, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. 1878 चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, लपवलं तर आपला हिस्सा तर जातोच वर कैदही होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर खोदायचा विषयच नाही, परवानगीशिवाय खुरपं लावलं तरी गुन्हा. थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी अशाच संरक्षित आहेत, म्हणजे भाच्याने ज्या गावाचं नाव घेतलं तिथंच मशीन काढता येत नाही. आणि गावात कोणी मशीन घेऊन फिरताना दिसला की लोक गुप्तधनवाला समजतात, मग पुढची पाच वर्षं त्या गावात आपल्याशी कोणी मोकळं बोलत नाही. माझ्या मते मशीनचा सगळ्यात मोठा तोटा हाच.

अजून एक सांगायचं राहिलं. प्रकाशा इथं तापी-गोमाईच्या संगमावर 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तिथं थरावर थर वाचत ताम्रपाषाण (तांबं आणि दगडाच्या हत्यारांच्या) काळापासूनची वस्ती समजली. नाणं कुठल्या थरात, कुठल्या खापरासोबत होतं यावरून काळ ठरतो. आपण हातभर खड्डा करून नाणं उपसलं की नाणं राहतं पण त्याची साक्ष जाते. मला हे फार लागतं, कारण अशी भोकं पाडलेली पांढरी, म्हणजे जुन्या गावाची जागा, मी डोळ्याने बघितली आहे.

आता कागद. खर्च जवळजवळ शून्य, वेळ मात्र जातो. पहिला 1880 चा खानदेश गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, कॅम्पबेल यांनी काढलेला. त्यात ठिकाणांचं वेगळं प्रकरण आहे आणि तो ऑनलाइन फुकट वाचता येतो. फक्त त्यात मोठी, नावाजलेली गावं भेटतात. सुलतानपूर बघा. मोगलाईत नंदुरबार-सुलतानपूर असं जोडीने नाव घेतलं जायचं, आज ते शहादा तालुक्यातलं एक खेडं आहे, कारण यशवंतराव होळकराच्या धामधुमीत ते लुटलं गेलं आणि 1803 च्या दुष्काळाने तर सगळा खानदेशच मोडून पडला. असं गाव गॅझेटियरमध्ये सापडतं, पण तुमच्या शिवाराला लागून उठलेलं वीस घरांचं गाव त्यात नसतं.

त्या लहान गावासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा. त्याच्या शीटला नंबर असतो, शिरपूर-शहाद्याकडचा भाग 46 के मध्ये, धुळे 46 एल, चोपडा-जळगाव 46 ओ. जुन्या एक इंच-एक मैलाच्या नकाशात वसतं गाव वेगळं आणि उजाड गाव वेगळं दाखवायची खूण असते, ती एकदा डोळ्यात बसली की एका शीटवर अशा किती जागा आहेत ते बघून माणूस गप्प होतो. नंतर जनगणनेची जिल्हा पुस्तिका, तिच्यात ज्या गावाला क्षेत्र आहे पण लोकसंख्या नाही ते वेगळं कळतं. महसुलात यालाच बेचिराग म्हणतात, चिराग म्हणजे दिवा, जिथं रात्री दिवा लागत नाही ते गाव. गाव गेलं तरी शिव राहते, सातबारा राहतो. आणि सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो तो कोणीच वाचत नाही, तिथं पांढरी, गढी, जुनं गाव असं काही लिहिलेलं दिसलं की समजायचं. गावनकाशाची नक्कल काढायला मात्र मला एका तालुक्याच्या ऑफिसात चार खेपा झाल्या, तेवढी तयारी ठेवा.

जुनी दप्तरं बघायची असतील तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, 1927 पासूनचं, पण मोडी येत नसेल तर आधी मोडी शिका, नाहीतर रुमाल (कापडात बांधलेले जुने कागद) उघडून नुसतं बघत बसावं लागतं.

माणसांकडे यायला मला सगळ्यात उशीर झाला आणि तीच चूक झाली, कारण तोवर तीन-चार म्हातारे गेले. वर ज्या रानाचं सांगितलं ते मला नकाशात दिसलं होतं पण ते का उठलं हे कुठल्याच कागदात नव्हतं. शेजारच्या गावात एका आजीबाईंनी ओट्यावर बसून एका वाक्यात सांगितलं, "तठे पहिले गाव व्हतं भाऊ, पटकी उनी आनि समदं उठी गयं." म्हणजे कॉलरा आला आणि सगळं गाव उठून गेलं. मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या सासरच्यांचा मारुती अजून तिथंच आहे, लग्नाचा नारळ आधी तिथं फुटतो. गेलो तर खरंच, केळीच्या बागेच्या बांधावर शेंदूर लावलेला मारुती, आजूबाजूला एक घर नाही, जवळ बुजलेली विहीर आणि चिंच. तेव्हापासून रानात एकटा मारुती दिसला की मी थांबतो, कारण मारुती वेशीवरचा देव, तो आहे म्हणजे कधीतरी वेस होती. माणसांचं एकच आहे, काळ सांगताना ते "आज्याना आज्या" म्हणतात, त्यातून शंभर वर्षं धरायची की दोनशे ते कागदावरच पडताळून घ्यावं लागतं.

आता कुठल्या गावापासून सुरुवात करावी, तर गावागावात फरक आहे. थाळनेर हे खचलेलं गाव, उठलेलं नाही. 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर-करवंद जहागीर दिली तिथून फारुकींची सुरुवात, पुढे राजधानी बुऱ्हाणपूरला गेली, तरी सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्यावर असल्याने गाव टिकून होतं, 17 व्या शतकात टॅव्हर्नियर हा फ्रेंच प्रवासी याच रस्त्याने नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत गेला. 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिली. नंतर आग्रा रोड शिरपूरवरून आणि रेल्वे तापीच्या दक्षिणेने गेली. इथं कागद भरपूर, म्हणून नवीन माणसाला थाळनेरच बरं, वाचून जा आणि गढीवरून तापी बघत उभे राहा, अर्धी गोष्ट तिथंच समजते.

चाळीसगावजवळचं पाटणं अगदी उलटं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शके 1128 चा शिलालेख तिथला. शेवटी जुन्या मराठीत मठाला काय काय द्यायचं ते कोरलंय, त्यात गावात जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळी पळी तेल. म्हणजे घाणे होते, गिऱ्हाईक होतं, बाजार होता, आणि आज पाटणादेवीचं जंगल आहे. एका ओळीत एवढं गाव उभं करणारी वस्तू कुठलं मशीन देणार. पण तो अभयारण्याचा भाग आहे, तिथं फक्त बघायचं आणि वाचायचं.

नर्मदेकाठची सरदार सरोवरात गेलेली नंदुरबारची 33 गावं, मणिबेलीपासूनची, ही तिसरी जात. तिथं पाण्याखाली काही शोधता येत नाही पण त्या गावात वाढलेली माणसं शहादा, तळोदा तालुक्यातल्या वसाहतींमध्ये आज बोलायला आहेत. कोणाला घाई असेल तर आधी इकडे जा, गॅझेटियर पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे.

भाच्याला मी शेवटी असं सांगितलं, की त्या दहा हजारातले हजारभर नकाशाच्या प्रिंट, झेरॉक्स आणि एसटीला काढ, बाकीचे ठेवून दे. आपल्याच तालुक्याची शीट घे, एक उजाड खूण निवड, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ये, त्या दिवसात माहेरवाशिणी गावात असतात आणि जुनी नावं त्यांच्याच तोंडात असतात. खापर दिसलं तर फोटो काढ, सोबत मोजपट्टी ठेव, फोनवर लोकेशन घे आणि खापर तिथंच राहू दे. तो येतो म्हणालाय, मी त्याच्यासाठी 46 के ची प्रिंट काढून ठेवली आहे.