पॅरिसमधील नऊ महिने : जुनी सायकल, पुढची टोपली आणि रोजची बेकरी

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी पॅरिसच्या एकोणिसाव्या प्रभागातील एका दुरुस्तीच्या दुकानातून १८० युरोंना ही जुनी सायकल घेतली. लोखंडी सांगाडा, मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवलेले तीन गियर, मडगार्ड, कॅरियर, डायनॅमोवर चालणारे दिवे आणि हँडलला अडकवलेली टोपली, असे तिचे स्वरूप असून वजन सुमारे १७ किलो आहे. शहराची ‘वेलिब’ ही सार्वजनिक सायकलसेवा १५ जुलै २००७ पासून चालू आहे आणि तिच्या हिरव्या साध्या व निळ्या विजेच्या सायकली जागोजागी मिळतात. तरीही मला मागे सपाट कॅरियर असलेली स्वतःची सायकल हवी होती. त्याचे कारण पुढे येईलच. आजवर ती सुमारे १,९०० किलोमीटर चालली आहे आणि त्यातला फार मोठा भाग कामावर जाणे आणि बेकरीत जाणे या दोनच कारणांसाठी झालेला आहे.

कामाचा रस्ता साडेचार किलोमीटरांचा आहे. झोरेसहून सां-मार्तां कालव्याच्या काठाने रेप्युब्लिक चौकापर्यंत आणि तिथून सेबास्तोपोल बुलेव्हारच्या सायकलमार्गाने शात्लेपर्यंत मला वीस मिनिटे लागतात. ऑगस्ट २०२१ पासून शहरातील बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा लागू असल्यामुळे, जिथे वेगळा मार्ग नाही तिथेही मोटारीचा धाक फारसा वाटत नाही. अनेक एकदिशा गल्ल्यांत सायकलीला उलट्या दिशेने जाण्याची अधिकृत मुभा आहे. काही सिग्नलांवर सायकल आणि बाण काढलेला लहानसा त्रिकोणी फलक असतो. तो असेल तर पादचाऱ्यांना आणि इतर वाहनांना वाट देऊन लाल दिव्यातही बाणाच्या दिशेने पुढे जाता येते. हा फलक ओळखायला मला पहिला आठवडा लागला आणि तोवर मी विनाकारण थांबत राहिले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार पॅरिसच्या आतल्या प्रवासांपैकी ११.२ टक्के सायकलीने आणि ४.३ टक्के मोटारीने होतात. सकाळी साडेआठला सेबास्तोपोलवरून जाताना या आकड्यांचे आश्चर्य वाटत नाही.

माझ्या घरापासून चार मिनिटांत तीन बेकऱ्या लागतात, आणि सायकलीचा खरा उपयोग मला तिथे कळला. फ्रान्समध्ये १९९८ च्या कायद्यानुसार ज्या दुकानात पीठ मळून पाव तिथेच भाजला जातो, त्यालाच ‘बुलांजेरी’, म्हणजे बेकरी, अशी पाटी लावता येते. आणि १९९३ च्या शासकीय आदेशानुसार ‘त्रादिस्यों’ नावाची बॅगेट, म्हणजे कडक कवचाचा लांब पाव, गोठवून ठेवता येत नाही किंवा तिच्यात कृत्रिम मिश्रके घालता येत नाहीत. त्यामुळे ती सकाळी उत्तम लागते, संध्याकाळी बरी लागते आणि दुसऱ्या दिवशी लाकडासारखी होते. आठवड्याचा पाव एकदम आणून ठेवण्याची सोयच नाही. रोज थोडेसे आणायचे, जवळून आणायचे आणि ताजे आणायचे, हा त्या पावाचाच आग्रह आहे, आणि अशा कामाला सायकलीइतके सोयीचे वाहन दुसरे नाही. आत शिरताच प्रथम ‘बोंजूर’ म्हणावे, मगच काय हवे ते सांगावे. अंडे न खाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की क्रोसाँवर बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो, मात्र त्रादिस्यों मुळात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचीच असते.

बॅगेट टोपलीत उभी ठेवावी आणि वरून प्लॅस्टिक घालू नये, कारण वाफ कोंडली की कवच मऊ पडते. क्रोसाँच्या कागदी पिशवीवर दुसरे काहीही ठेवू नये. जानेवारीतला ‘गालेत दे र्वा’, म्हणजे बदामाचे सारण भरलेला गोल आणि चपटा पदार्थ, मागच्या कॅरियरवर दोन रबरी पट्ट्यांखाली अगदी सुखरूप येतो. अवघड असतो तो पारी-ब्रेस्त, म्हणजे क्रीम भरलेली कड्यासारखी पेस्ट्री. १८९१ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सुमारे १,२०० किलोमीटरांच्या सायकल शर्यतीच्या स्मरणार्थ पॅरिसजवळच्या मेझों-लाफित येथील पेस्ट्रीवाले लुई द्युराँ यांनी १९१० साली तो चाकाच्या आकारात बनवला, असे सांगतात. आज ती शर्यत राहिली नसून दर चार वर्षांनी होणारी दीर्घपल्ल्याची सायकलयात्रा झाली आहे, आणि महाराष्ट्रातले कितीतरी सायकलस्वार २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या पात्रता फेऱ्या पूर्ण करून तिच्यासाठी इथे येतात. मी पुण्यात, सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या गावात वाढले, म्हणून सायकलीच्या चाकावरून घडलेला हा पदार्थ मला फार जवळचा वाटतो. मात्र त्यातले प्रालिनचे, म्हणजे साखरेत परतून वाटलेल्या सुक्या मेव्याचे, क्रीम दगडी फरसबंदीवरून टोपलीत आणले, तेव्हा घरी पोचेपर्यंत चाक पार चेपले होते. आता मी त्याचे खोके कॅरियरवर घडी घातलेल्या शालीवर ठेवते आणि फरसबंदी आली की उतरून चालते.

तक्रारी आहेतच. दुकानाने विकताना झिजलेले ब्रेक शू बदलले नव्हते आणि पहिल्या पावसात बेलव्हीलच्या उतारावर मला ते कळले. ३५ युरो खर्चून ते दुसरीकडे बदलून घ्यावे लागले. फेब्रुवारीत रस्त्यावर रात्रभर बांधून ठेवलेल्या सायकलीची सीट चोरीला गेली. चौकटीला मजबूत कुलूप होते, सीटला काहीच नव्हते, म्हणून आता सीटला वेगळी केबल असते. चढावर तीन गियर अपुरे पडतात आणि मोंमार्त्रला ही सायकल ढकलतच न्यावी लागते. डायनॅमोचे दिवे मात्र हिवाळ्यातल्या अंधाऱ्या सकाळीसुद्धा एकदाही बंद पडले नाहीत.

सप्टेंबरमध्ये शिकायला येणाऱ्यांनी अशीच साधी, मडगार्ड आणि कॅरियर असलेली सायकल घ्यावी, पैसे देण्यापूर्वी दोन्ही ब्रेक उतारावर तपासावेत आणि तिच्यावर ओळख क्रमांक आहे का ते पाहावे, कारण २०२१ पासून व्यावसायिक विक्रेत्यांना तो देणे बंधनकारक आहे. टोपली हँडलला न लावता चौकटीला बसवलेली मिळाली तर तीच निवडावी. हँडल वळले तरी ती वळत नाही आणि आतली पेस्ट्री जागची हलत नाही. माझी टोपली मी पुढच्या महिन्यात तशी बदलून घेणार आहे.