भाषांतराचे एक ॲप आणि बळीच्या बकऱ्यांचा कळप

गेले चार महिने मी भाषांतराच्या कामासाठी वर्गणी भरून एक ॲप वापरत आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष या जातीच्या इतर ॲपमध्येही थोड्याफार फरकाने सापडतील, असा माझा अंदाज आहे. पत्रे, सूचना, माहितीपत्रके अशा सरळ मजकुरासाठी ते चांगले चालते. खरी परीक्षा मी घेतली ती मात्र एकाच प्रकारच्या शब्दांवर. दुसऱ्याच्या चुकीचे प्रायश्चित्त ज्यांच्या वाट्याला येते, अशा माणसांचे आणि वस्तूंचे हे शब्द होते. असे शब्द प्रत्येक भाषेत असतात आणि प्रत्येकाच्या पोटात एक निराळी गोष्ट दडलेली असते.

सुरुवात अर्थातच ‘स्केपगोट’ने केली आणि ‘बळीचा बकरा’ हे अपेक्षित उत्तर मिळाले. ते रूढ आहे, म्हणून त्याला पूर्ण गुण दिले. तरी त्यातली एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात दोन बोकड येतात. चिठ्ठी टाकून त्यांतला एक देवाला बळी दिला जातो, तर दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक लोकांच्या पापांचा उच्चार करतो आणि मग त्या बोकडाला जिवंत रानात सोडले जाते. बायबलचा इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडेल याने १५३० साली इंग्रजी शब्द घडवला तो या दुसऱ्या, सुटलेल्या बोकडासाठी. म्हणजे पापे वाहणारा बोकड जगतो आणि आपल्या शब्दातला बकरा मात्र कापला जातो. हा दोष ॲपचा नव्हे.

ॲपचा दोष पुढे दिसला. ‘फॉल गाय’ला बळीचा बकरा, ‘पॅट्सी’लाही बळीचा बकरा. पहिला शब्द ज्याच्यावर ठपका ठेवण्याची व्यवस्था केलेली असते त्याचा आहे आणि कित्येकदा तो हे जाणून उभा असतो. दुसरा शब्द भोळ्या माणसाचा आहे, ज्याला आपला वापर होतो आहे हे कळलेलेच नसते. केनेडी यांच्या हत्येनंतर पकडलेल्या ली हार्वे ऑस्वाल्डने नोव्हेंबर १९६३ मध्ये पत्रकारांसमोर स्वतःला ‘पॅट्सी’ म्हटले होते. त्या वाक्यात ‘मला फसवून पुढे केले आहे’ हा दावा आहे, आणि ‘मी बळीचा बकरा आहे’ या भाषांतरात नेमके तेच गळून पडते. रशियन ‘स्त्रेलोचनिक’ची गतही तीच झाली. हा शब्द मुळात रेल्वेचे सांधे बदलणाऱ्या कर्मचाऱ्याचा आहे. अपघात झाला की दोष वरच्यांकडे न जाता शेवटी या सर्वांत खालच्या माणसापाशी येऊन थांबतो, म्हणून तो असा वापरला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला जो कडवटपणा आहे, तोच येथे आहे. ॲपने त्या जागी पुन्हा बकरा बांधला.

सर्वांत जास्त हळहळ वाटली ती चिनी वाक्प्रचाराची. चिनी भाषेत निष्कारण दोष अंगावर येणे याला ‘काळी कढई पाठीवर वाहणे’ असे म्हणतात. ॲपने ते शब्दशः उतरवून मोकळे केले. मराठीत खापर डोक्यावर फोडायची सोय असताना ही कढई तशीच वाहत ठेवण्याचे काहीही कारण नव्हते! दोन्ही भाषांनी दोषासाठी भांडेच निवडावे, फक्त एकीने ते वाहायला लावावे आणि दुसरीने फोडावे, हा योगायोग मला ॲपमुळे नव्हे, तर ॲपच्या चुकीमुळे लक्षात आला. जपानी भाषेत खोटा आळ घेण्याला ‘ओले कपडे चढवणे’ म्हणतात. तेथेही ॲपने कपडेच दिले, आळ दिला नाही.

वस्तू आणि भुतांच्या बाबतीत निकाल आणखी वाईट लागला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक विमानातल्या अनाकलनीय बिघाडांचे खापर ‘ग्रेमलिन’ नावाच्या काल्पनिक खोडकर जीवांवर फोडत. ॲपने त्याचा ‘राक्षस’ केला. छपाईतल्या चुका निमूटपणे स्वतःवर घेणारा आपला मुद्राराक्षस या ॲपला ठाऊक असता, तर निदान जवळपास तरी पोहोचता आले असते. ‘मुद्राराक्षसाचा प्रताप’ असे मी इंग्रजीसाठी टाकून पाहिले, तेव्हा ते त्याने विशाखदत्ताच्या नाटकाचे नाव समजून जसेच्या तसे ठेवले.

जमेची बाजू एकच, पण मोठी आहे. शब्दाखाली वापराची सात-आठ वाक्ये दिसतात आणि ती निवडक असतात. ‘फॉल गाय’ आणि ‘पॅट्सी’ यांतला फरक त्या वाक्यांवरून नीट उलगडतो, जरी वरचे उत्तर दोन्हींना एकच असले तरी.

या सगळ्या त्रुटी मी ग्राहक-सेवेला सविस्तर कळवल्या. दोन दिवसांनी उत्तर आले की शब्द संदर्भाशिवाय दिल्यामुळे असे घडले असावे. अटींचा मजकूर उघडून पाहिला, तर भाषांतरातील चुकांची सर्व जबाबदारी वापरकर्त्याची राहील, असे तेथे आधीच लिहिलेले होते. पाचपैकी तीन तारे देत आहे, आणि त्यांतले दोन केवळ त्या वाक्यांसाठी आहेत.