पीडीएफमधले आकडे एक्सेलमध्ये आणायचेत? आधी कागद ओळखा, मग साधन निवडा

मार्च संपला की गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदारापुढे दरवर्षी तेच काम येतं. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये, सभासदांची यादी झेरॉक्सवर, आणि लेखापरीक्षकाला हवी असते एक्सेल. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आणि त्याआधी हिशेब तपासून व्हायला हवेत. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, ‘कुठलं ॲप चांगलं?’ माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. हातातली फाइल कुठल्या प्रकारची आहे, यावरच निम्मा निर्णय होतो.

ओळखायची रीत सोपी आहे. पीडीएफ उघडून एखाद्या ओळीवरून माउस ओढा. अक्षरं एकेक करून निवडली गेली तर आत मजकूर आहे. काहीच निवडलं गेलं नाही, किंवा पान सबंध चित्रासारखं निवडलं गेलं, तर तो फोटो आहे. मराठी फाइल असेल तर इथेच थांबू नका. निवडलेली ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल असेल, तर पडद्यावर स्वच्छ ‘थकबाकी’ दिसत असताना नोटपॅडमध्ये रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा उमटतो. फाइलमध्ये साठवलेले संकेत देवनागरीचे नसतातच, फाँट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. युनिकोडमधल्या, म्हणजे खरे देवनागरी संकेत असलेल्या पीडीएफमध्येही कधी वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरं फुटतात. अशा फाइलमधून मजकूर उपसायचा हट्ट धरू नका, तिला सरळ फोटो समजून चाला.

मजकुराची पीडीएफ: एक्सेल की टॅब्युला

विंडोजवर मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर वेगळं काही घ्यायची गरज नाही. ‘डेटा’ टॅबमध्ये ‘गेट डेटा’, मग ‘फ्रॉम फाइल’ आणि ‘फ्रॉम पीडीएफ’. सापडलेले तक्ते समोर येतात, हवा तो घ्यायचा. याचा खरा फायदा पुढच्या महिन्यात कळतो. तीच मांडणी असलेली नवी फाइल त्याच जागी, त्याच नावाने ठेवून ‘रिफ्रेश’ केलं की सगळ्या पायऱ्या आपोआप पुन्हा होतात. पासवर्डवाली स्टेटमेंट्स मात्र इथे अडतात. पासवर्ड टाकून ती क्रोममध्ये उघडायची आणि प्रिंटमधून नव्याने पीडीएफ म्हणून जतन करायची.

टॅब्युला फुकट आहे. दिसते ब्राउझरमध्ये, पण चालते तुमच्याच संगणकावर, त्यामुळे फाइल बाहेर जात नाही. सरकारी पीडीएफमधले तक्ते सोडवण्यासाठी पत्रकारांनीच ती घडवली. तक्त्याभोवती माउसने चौकट आखायची, मग रेघांवरून ओळखायचं की मोकळ्या जागेवरून, ते सांगायचं. २०१८ नंतर तिची नवी आवृत्ती आलेली नाही, तरी आखीव तक्त्यांसाठी ती अजून उत्तम चालते. ३६५ नसेल तर मी डोळे मिटून टॅब्युला सुचवेन. लांबलचक यूपीआय तपशील दोन-तीन ओळींत मोडला असेल, तर त्याच्या वेगळ्या ओळी होण्याचा त्रास दोन्हींकडे आहे. तारखेचा रकाना रिकामा असलेल्या ओळी वरच्या ओळीला जोडाव्या लागतात.

फोटो किंवा स्कॅन

इथे भाषा ठरवते. छापील इंग्रजी पान असेल तर एक्सेलमधलंच ‘डेटा फ्रॉम पिक्चर’ वापरा. २०१९ मध्ये ते मोबाइलवर आलं, आता संगणकावरही आहे. त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ज्या आकड्याबद्दल शंका आहे तो ते वेगळा दाखवतं आणि तुमच्याकडून तपासून घेतं. देवनागरी मात्र त्याला वाचता येत नाही.

मराठी पानासाठी गूगल ड्राइव्ह. फाइल चढवून ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी शुद्ध मिळतो. तक्ता मात्र मोडतो, रकाने तुम्हालाच लावावे लागतात. नाव आणि सदनिका क्रमांक एवढीच यादी असेल तर हे चालतं, सात-आठ रकाने असतील तर जीव जातो. टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. ते मूळ एचपीचं, २००५ पासून मुक्त आणि मराठीही वाचणारं. आज्ञावली टंकायची सवय असलेला कोणी हाताशी असेल आणि पानं शेकड्यांनी असतील तरच त्याच्या वाटेला जा. स्कॅन ३०० डीपीआयचा ठेवा.

जेमिनाय, चॅटजीपीटी यांना तक्ता सगळ्यांत चांगला समजतो, मोडलेल्या रकान्यांसकट. पण पुसट जागी ते शोभेलसा आकडा भरून मोकळे होतात आणि तो अंदाज आहे हे सांगतीलच असं नाही. ‘न वाचता आलेल्या जागी “अस्पष्ट” असं लिही’ असं बजावल्याने फरक पडतो, खात्री मिळत नाही. म्हणून ज्या पानावर बेरीज छापलेली आहे, तेच पान त्यांच्याकडे द्यावं.

फुकट रूपांतर करून देणाऱ्या संकेतस्थळांवर सभासदांचे फोन नंबर किंवा बँकेचे तपशील चढवू नका. ती माहिती आपली एकट्याची नसते, आणि कमिटीवर विश्वास ठेवून लोकांनी ती दिलेली असते.

ताळा

साधन कुठलंही घ्या, स्टेटमेंटच्या शेजारी एक रकाना वाढवा: मागच्या ओळीची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, वजा या ओळीची शिल्लक. उत्तर शून्य यायला हवं. समजा नावे रकान्यातले १४,३५० चुकून १४,८५० वाचले गेले, तर त्या एकाच ओळीत उणे ५०० दिसेल. चूक शिल्लक रकान्यात असेल तर त्या ओळीत उणे ५०० आणि लगेच पुढच्या ओळीत अधिक ५०० दिसेल. कुठला रकाना बिघडला ते यावरून लगेच कळतं.

खाते क्रमांक आणि चेक क्रमांक यांचे रकाने आणतानाच ‘टेक्स्ट’ करून घ्या. एक्सेल १५ अंकांपलीकडचे अंक शून्य करतं आणि सुरुवातीची शून्यं गाळतं. तारखांना भारतीय मांडणी लावा, नाहीतर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. मराठी पानावर ‘२’ आणि ‘र’ यांची अदलाबदल होते, तीही बघा. देवनागरी अंक बरेचदा मजकूर धरले जातात आणि बेरीज येत नाही, तेव्हा ते आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या.

शाईने लिहिलेली जुनी रजिस्टरं असतील, खाडाखोड आणि शेऱ्यांसकट, तर यातलं कुठलंच साधन मी सुचवणार नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टंकायचं आणि प्रत्येक पानाची बेरीज तिथल्या तिथे जुळवायची. चुका शोधत बसण्यापेक्षा हे काम लवकर उरकतं.