सम वाळवंटातली ती रात्र: स्वतः आखून जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी

साठी-सत्तरीतली बरीच मंडळी हल्ली टूर कंपनीच्या मागे न जाता स्वतःच आखून राजस्थानला जातात, आणि ते योग्यच आहे. पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर आणि आठवड्यात सात शहरं, हे आमच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. म्हणून मी, हे आणि माझ्या थोरल्या जाऊबाई असे आम्ही तिघं डिसेंबरात जोधपूर-जैसलमेर सावकाश पाहायला निघालो. जैसलमेरपासून ४० किलोमीटरवर सम इथे वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे एका संध्याकाळी आणि रात्री जे झालं ते सगळं लिहिते आहे, कारण ज्या रीतीने आम्हाला फसवलं ती रीत खास आमच्या वयाच्या माणसांसाठी बेतलेली आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

आधी हे सांगते की जैसलमेर शहराने आम्हाला काही त्रास दिला नाही. किल्ला ११५६ सालचा, रावळ जैसल यांनी बांधलेला, आणि आजही आत माणसं राहतात. रिक्षा वर चौकापर्यंत जाते, त्यामुळे चढ चढावा लागत नाही. पटवों की हवेलीचे जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. हे खालीच बसून राहिले आणि समोरच्या दुकानदाराने मागितल्याशिवाय खुर्ची आणून दिली. गडीसर तलावावर सकाळी तासभर नुसतं बसलो. आमचं हॉटेलही साधं आणि चोख होतं.

गडबड झाली ती वाळवंटातल्या मुक्कामाची. तो आम्ही निघण्याआधी नाशिकहून ठरवला होता. इंटरनेटवर एका कॅम्पचे फोटो होते: तंबूच्या दारातून थेट वाळूच्या टेकड्या दिसतात असे. खाली व्हॉट्सॲप नंबर. फोन उचलणारा तरुण फार अदबीने बोलला. "आंटीजी, आप तो हमारी माँ जैसी हैं, बेफिकर आइए." मग त्याने एकेक गोष्ट विचारून घेतली. सोबत कोण कोण, वय काय, अंकलजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, दोन्ही गुडघे की एकच, रात्री उठावं लागतं का. मला वाटलं, किती काळजीने विचारतो आहे. मी सगळं सांगितलं: तंबूलाच जोडून कमोडचं बाथरूम हवं, उंटावर कोणी बसणार नाही, उंटगाडीने टेकड्यांपर्यंत न्यायचं, जीप नको कारण जाऊबाईंची हाडं ठिसूळ झाली आहेत, आणि हॉटेलवरून नेणं-आणणं तुमच्याकडे. "सब हो जाएगा." तिघांचे मिळून १०,५०० रुपये ठरले, ६,००० आगाऊ. यूपीआयवर पैसे पाठवताना कॅम्पचं नाव न दिसता एका माणसाचं नाव दिसलं. विचारल्यावर "मेरे पार्टनर हैं" असं उत्तर आलं. नंतर एक रंगीत व्हाउचर आलं. त्यावर उंटाचं चित्र होतं, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि आम्ही बोललेल्यातली एकही गोष्ट लिहिलेली नव्हती.

आता तो दिवस. गाडी दुपारी दोनला येणार होती. अडीच, तीन, साडेतीन. प्रत्येक फोनला "बस दस मिनट". गाडी आली साडेचारच्या पुढे. हा उशीर योगायोगाने झाला असं मी मानत नाही. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेसहा-सहाच्या सुमारास मावळतो. उशिरा नेलेल्या माणसाला भांडायला आणि दुसरीकडे जायला वेळच उरत नाही.

समच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना कॅम्पच कॅम्प आहेत. आमची गाडी टेकड्यांच्या बरीच अलीकडे डावीकडे वळली आणि सपाट, खडीच्या माळावर थांबली. रुईची झुडपं, पाण्याचा टँकर, शेजारच्या कॅम्पमधला डीजे. वाळूची टेकडी नजरेच्या टप्प्यात एकही नव्हती. फोटोतला कॅम्प कुठे, विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "वो फुल है, ये उन्हीं का नया वाला है." आमच्या बॅगा खाली ठेवल्या आणि तो निघून गेला. त्याचं काम फक्त सोडण्याचं होतं.

मॅनेजर समोर आला. त्याने व्हाउचर पाहिलं आणि सांगितलं की बुकिंग घेणारा आमचा माणूस नाही, बाहेरचा एजंट आहे, त्याने आम्हाला साधा तंबू सांगितला आहे. साध्या तंबूला बाथरूम नाही; पन्नास पावलांवर, दिवा नसलेलं, बसायचं भारतीय पद्धतीचं. कमोड हवा तर डिलक्स तंबू, दर तंबूला २,००० जास्त. आम्हाला दोन तंबू लागणार होते. उंटगाडी? "यहाँ से धोरे (वाळूच्या टेकड्या) दूर हैं, ऊँटगाड़ी नहीं जाती, जीप लेनी पड़ेगी." जीपचे ३,६००. परतीची गाडी? ठरलेल्यात नाही. एजंटचा फोन तोवर बंद झाला होता.

ह्यांना बदललेल्या गुडघ्यांमुळे खाली बसताच येत नाही. हे आम्ही ज्याला सांगितलं होतं त्याच्याकडून ते पुढे गेलं होतं, यात मला शंका नाही, कारण मॅनेजर स्वतःहून ह्यांच्या पायांकडे बघून म्हणाला, "अंकलजी को तो कमोड चाहिए ही होगा." आमच्या प्रत्येक अडचणीला त्यांनी एकेक किंमत लावून ठेवली होती. तरुण पोरं असती तर पाठीवर सॅक टाकून रस्त्यावर आली असती, येणाऱ्या गाडीला हात दाखवला असता. अंधार पडत असताना, रस्त्यापासून आत, तीन म्हाताऱ्या माणसांनी कुठे जायचं? उरलेले ४,५०० तर दिलेच, वर तंबूंचे ४,००० दिले, तेही रोख, कारण तिथे मोबाइलला रेंज धड नव्हती.

जीपला मी ठाम नाही म्हणत होते. तेव्हा जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "माँजी, बैलगाड़ी जैसी चलाऊँगा." जाऊबाईंना वाळवंट बघायची फार वर्षांची इच्छा होती, त्याच म्हणाल्या, एवढ्या लांब आलो, जाऊ या. उघडी जीप, मागे लोखंडी पाइप धरून उभं राहायचं किंवा आडव्या बाकावर बसायचं. पहिली काही मिनिटं तो खरंच सावकाश गेला. मग शेजारून दुसरी जीप गाणी लावून गेली आणि याने तिच्यामागे वेग धरला. टेकडीच्या माथ्यावरून गाडी खाली आदळली तेव्हा जाऊबाई बाकावरून वर उचलल्या गेल्या आणि बसत्या झाल्या त्या सरळ कण्यावर. त्या ओरडल्या नाहीत. माझं मनगट घट्ट धरलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, थांबव त्याला." मी जोरात ओरडले तेव्हा तो थांबला. सूर्यास्त कुठल्या बाजूला झाला ते आम्ही कोणी पाहिलं नाही.

रात्री त्यांना कूस बदलता येईना. शहरात सरकारी जवाहिर हॉस्पिटल आहे, पण ते ४० किलोमीटरवर. कॅम्पवाल्यांनी रात्रीच्या गाडीचे ५,००० सांगितले आणि वर म्हणाले की ड्रायव्हर जेवायला गेला आहे, यायला वेळ लागेल. बाहेर शेकोटीजवळ कालबेलिया नाच चालू होता. आम्ही गरम पाण्याची बाटली त्यांच्या पाठीशी लावून बसून राहिलो. पहाटे रेंज मिळाल्यावर मी आमच्या हॉटेलच्या मालकांना फोन केला, त्यांनी ओळखीची टॅक्सी पाठवली. १,२०० घेतले. म्हणजे १०,५०० म्हणून ठरलेलं काम १९,३०० वर गेलं, आणि त्यात आम्ही मागितलेली एकही गोष्ट ठरल्याप्रमाणे मिळाली नाही. नाशिकला आल्यावर तपासणीत जाऊबाईंचा मणका दबल्याचं दिसलं. डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ झालेल्या बाईला एवढा एक दणका पुरतो. पुढे त्यांना बराच काळ पट्टा बांधून पडून राहावं लागलं. पैशांपेक्षा याचा मला जास्त राग आहे.

त्या टॅक्सीवाल्या भाऊंनी वाटेत जे सांगितलं ते निघण्याआधी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. गिऱ्हाईक पकडून देणाऱ्या लोकांना तिकडे लपके म्हणतात. काही रामदेवरा-पोकरणपासूनच गाडीत चढतात, काही स्टेशनबाहेर असतात, आणि हल्ली बरेचसे फोनवर असतात. ते चार कॅम्पचे फोटो गोळा करतात, आगाऊ रक्कम स्वतः ठेवतात आणि त्या दिवशी जिथे तंबू रिकामा असेल तिथे 'पार्टी' पाठवतात. कॅम्पवाल्याला मग आपला नफा तुमच्याकडून वेगळा काढावा लागतो.

आणि मुख्य म्हणजे टेकड्या बघायला कॅम्पमध्ये राहावंच लागतं असं नाही. जैसलमेरहून टॅक्सी करून तीनच्या सुमारास निघायचं आणि गाडी तिथेच थांबवून ठेवायची. समला टेकड्या रस्त्याला लागूनच आहेत, उंटगाड्या तिथेच उभ्या असतात. सूर्यास्त पाहून रात्री आठपर्यंत आपल्या हॉटेलच्या पलंगावर. माझा सगळ्यांत मोठा आग्रह याच गोष्टीचा आहे: वाळवंटात जाताना परतीची गाडी आपल्या ताब्यात हवी. ती असती तर "चला, परत फिरवा" एवढं बोलून आम्ही सुटलो असतो. गाडी उभी दिसली की समोरच्याचा आवाजही बदलतो.

तरीही रात्र तिथे काढायचीच असेल तर बाथरूमचा फोटो मागू नका, व्हिडिओ कॉलवर त्याच क्षणी दाखवायला सांगा, आणि दारातून बाहेर पडून टेकड्याही. कमोड, उंटगाडी, जीप नको, नेणं-आणणं हे सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्याच्याकडून लेखी होकार घ्या. फोनवरचं "हो जाएगा" नंतर कुठेच सापडत नाही. पैसे कॅम्पच्या नावाच्या खात्यातच द्या. गुडघ्यांचं, पाठीचं, बीपीचं तपशीलवार काही सांगू नका, फक्त काय हवं ते सांगा. उंटावर बसायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा की उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो आणि बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणजे दोन्ही वेळा माणूस पुढे फेकला जातो. थंडीतल्या रात्री तिथे पारा चांगलाच उतरतो, तेव्हा औषधं आणि गरम कपडे हातातल्या पिशवीतच हवेत. जीपमध्ये मात्र कोणी कितीही गळ घातली तरी बसू नका.

फसलात तर गप्प बसू नका. बुकिंगचे पैसे घेऊन समोरचा गायबच झाला तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम खात्यातून पुढे जाण्याआधी कळवलं तर ती गोठवता येते. राजस्थानात २०१० पासून पर्यटन व्यवसायाचा स्वतंत्र कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पर्यटकांना असा त्रास देणं दखलपात्र गुन्हा झालं आहे, त्यामुळे पोलिसांत तक्रार देता येते. आमच्यासारखी अर्धवट सेवा मिळाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, त्यासाठी जैसलमेरला खेटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.

आम्ही नाशिकमध्ये तक्रार दाखल केली आहे. एजंटचा नंबर बंद असला तरी यूपीआयच्या नोंदीत त्या 'पार्टनर'चं नाव राहिलं होतं, तेच कामाला आलं. मॅनेजरने तंबूंचे जास्तीचे पैसे घेतले तेव्हा ह्यांनी वहीच्या कागदावर का होईना, सहीनिशी पावती लिहून घेतली होती. ती, व्हाउचर, फोटोंचे स्क्रीनशॉट आणि जाऊबाईंच्या तपासण्यांचे कागद असं सगळं जोडलं आहे, आणि जीपच्या पैशांसोबत त्यांच्या उपचारांचा खर्चही मागितला आहे.