ओटीवरून सांगितलेला प्रवास : गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ कोठे प्रवासवर्णनांत, कोठे इतिहासात, तर कोठे आत्मचरित्रांत लावलेले आढळते, आणि ते वाचून झाल्यावर या तिन्ही फळ्या अपुऱ्या वाटू लागतात. पेण तालुक्यातील वरसईचे हे भिक्षुक घरचे कर्ज फिटावे म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून, काका रामभटांसह १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि दक्षिणा मिळेल या आशेने जाऊन झाशीच्या वेढ्यात सापडले.

प्रवासवर्णनाच्या लेखकाने काय पाहायचे ते ठरवलेले असते, असे आपण धरून चालतो. भटजींच्या हाती ते नव्हते, त्यामुळे यज्ञ, दक्षिणा, लूट, उपास आणि प्रेते पुढ्यात आली तशी एकाच स्वरात येतात. आमच्या अलिबाग-पेणकडे काशी करून आलेली म्हातारी माणसे ओटीवर बसून सांगत, तेव्हा देवदर्शनाच्या मधोमध गाडीभाड्याचा हिशेब येई आणि वाटेत कोण दगावले तेही येई. त्या सांगण्यालाही स्वतःचा घाट असतो, हे मला या पुस्तकामुळे उमगले.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग यासाठी मुद्दाम वाचावा. धुळीने माखलेली, पठाणी वेषातील राणी लक्ष्मीबाई तहानेली येते. भटजी पाणी काढू लागतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाला हे काम लावणे तिला रुचत नाही, ती स्वतः दोरी ओढते आणि ओंजळीने पाणी पिते. राणीइतकेच ते दोरी आणि मडकेही लक्षात राहतात.

मात्र प्रत पारखून घ्यावी. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रसिद्ध करताना भाषेत व मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ साली आली. मी घेतलेल्या स्वस्त प्रतीत यांपैकी कोणती संहिता छापली आहे, याचा कोठेही उल्लेख नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते, कारण वाक्ये नीटनेटकी केली की ओटीवरचा आवाज दबतो. पोतदारांच्या संहितेत जुन्या शब्दांवर अडखळायला होते. तरी गंगेची कावड घेऊन भटजी वरसईस परततात आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतात, तो भाग तिच्यातूनच, आणि घरात कोणी ऐकणारे असेल तर मोठ्याने वाचावा.