खानापूर रस्त्यावरील दोन दिवसांचे प्रार्थनाशिबिर: एक अभिप्राय

सप्टेंबरच्या अखेरीस खानापूर रस्त्यालगतच्या एका रिट्रीट सेंटरमध्ये ‘फलदायी ख्रिस्ती जीवन’ या विषयावर दोन दिवसांचे शिबिर झाले. मी पत्नीसह त्याला गेलो होतो. बेळगाव, निपाणी, नंदगड आणि चंदगडकडील मिळून साठेक जण होते. राहण्याची सोय बेताचीच होती. पाऊस ओसरला असला तरी गाद्यांतली ओल गेलेली नव्हती. जेवणाबद्दल तक्रार नाही.

सारे शिबिर योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायावर, वेल आणि फाटे यांच्या दृष्टांतावर, बेतलेले होते. त्यात येशू स्वतःला वेल, शिष्यांना फाटे आणि पित्याला, म्हणजे देवाला, माळी म्हणतो. पाळकसाहेबांनी पहिल्याच सत्रात एक बारीक गोष्ट दाखवली. बायबलच्या नव्या करारातील पौलाच्या गलतीकरांस पत्रात, आत्म्याचे फळ म्हणून, प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण मोजले आहेत, पण त्याने ‘फळ’ हा शब्द एकवचनीच ठेवला आहे. म्हणजे सहनशीलता आपल्याला जमत नाही, चांगुलपणावर भागवू, अशी निवड त्यात नाही.

मात्र शिबिराचे खरे मोल होते अथणीकडील एका द्राक्षबागायतदाराच्या पाऊण तासात. ते व्याख्याते नव्हेत, मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक सभासद. त्यांनी पिशवीतून पिकलेली, तपकिरी झालेली एक काडी काढली, पाचव्या-सहाव्या डोळ्यावर, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो त्या गाठीवर, नख ठेवले आणि विचारले, “ह्यात घड आहे का नाही, सांगा बघू.” कोणालाच सांगता येईना. ते म्हणाले, “मलाही दिसत नाही. म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या आधी आम्ही काड्या तपासायला देतो, सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.” एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी फुटते आणि पुढच्या दोनेक महिन्यांत तिच्या डोळ्यात घड तयार होतो, ऑक्टोबरची छाटणी त्याला फक्त बाहेर काढते. त्या दिवसांत ऊन मिळाले नाही तर वेल हिरवीगार दिसते, पण घड येत नाही. एवढे सांगून ते म्हणाले, “आपली रोजची प्रार्थना म्हणजे ते उन्हाळ्यातले दिवस.” फळ देणाऱ्या फाट्यालाही पिता साफसूफ करतो, हे वचन मी लहानपणापासून शिक्षा म्हणूनच ऐकत आलो होतो, ती काडी हातात घेतल्यावर ते मला पहिल्यांदा बागायतदाराच्या बाजूने कळले.

संध्याकाळच्या साक्षींच्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगण्याच्या, सत्राने मात्र निराशा केली. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी त्याच अध्यायातील सातव्या वचनाचा ‘मागा, म्हणजे प्राप्त होईल’ एवढाच उत्तरार्ध पुन्हापुन्हा म्हणून घेतला आणि नोकरी, व्हिसा, घर अशी यादी वाचली. ‘तुम्ही माझ्यामध्ये राहिलात व माझी वचने तुमच्यामध्ये राहिली तर’ ही त्याच वचनातली अट कोणी उच्चारली नाही. ज्यांच्या घरातला आजारी माणूस प्रार्थना करूनही वाचला नाही, असे दोघे तरी त्या सभागृहात बसलेले मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे एक तास एकांत होता. काहीही मागायचे नाही, फक्त त्या अध्यायाची पहिली सतरा वचने सावकाश वाचायची, एवढीच सूचना होती. माझी पहिली वीस मिनिटे गॅस सिलिंडर आणि मुलाच्या फीमध्ये गेली. नंतर ‘राहा’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजू लागलो आणि मोजता मोजता मन थाऱ्यावर आले.

प्रत्येक सत्राचे कन्नड भाषांतर होत असल्यामुळे वेळ दुप्पट लागतो. लंडन मिशनरी सोसायटीने 1820 साली बेळगावात काम सुरू केले, तेव्हापासून इथल्या मंडळ्यांना दोन भाषांची सवय आहे, त्यामुळे त्याचे कोणाला ओझे वाटले नाही. पण वेळापत्रकात तेवढी जागा धरायला हवी होती, कारण कात्री लागली ती बागायतदारांच्या प्रश्नोत्तरांना.

पुढच्या वर्षी जाणार आहे. आयोजकांना मी लेखी कळवले आहे की साक्षींचा वेळ कमी करून तो बागायतदारांना द्यावा आणि शक्य असल्यास शिबिर एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या सुमारास घ्यावे. सप्टेंबरमध्येच घेतले, तर चादर घरूनच न्यावी.